लाँच कुठल्या धक्क्यावर झोपते

लिबास, बुगनाय बेट
३ मार्च १९६७

चि. सेगुन्दिनो यास,
थोरल्या बहिणीचे, मानांग कान्दिदाचे, अनेक उ. आ.

तुझे पत्र आणि मिलायसाठी पाठवलेला झगा, दोन्ही पोहोचले. झगा तिला आणखी चार वर्षांनी होईल. मनिलात वकिली करणाऱ्या ब्रह्मचारी मामाकडून याहून अचूक मापाची अपेक्षा नव्हतीच, तेव्हा जपून ठेवला आहे.

उद्या मिलाय एक वर्षाची होईल, आणि उद्याच तिची आई जाऊन एक वर्ष होईल. आपल्या धाकट्या बहिणीचा, पियांगचा, स्मृतिदिन आणि तिच्या लेकीचा वाढदिवस एकाच दिवशी कसा पाळावा, ते मला कळेना. पाद्रींना विचारले, तर ते म्हणाले की सकाळी प्रार्थना कर आणि दुपारी दीर्घायुष्याच्या शेवया कर. मिलायचा बाप अजून जहाजावरच आहे. शेवया मीच करीन.

आता एक कोडे. ते तू लहानपणापासून रोज पाहिलेस आणि मीही पाहिले. पण गेल्या वर्षीपर्यंत ते कोडे आहे हेच माझ्या ध्यानात आले नाही. आपल्या बेटाला एकच लाँच. सकाळी ती पलीकडच्या मोठ्या बेटावरून येते, चार वाजता इथून परत जाते. समुद्र दोन्हीकडे सारखाच खारट, धक्का दोन्हीकडे सारखाच सिमेंटचा. मग रात्रीच्या मुक्कामाला ती नेहमी तिकडेच का?

मी हे कोडे वर्गात घातले. आधी मुलांना शब्द समजावला, की ज्याला आपण ताबोक म्हणतो ते त्या बेटाचे नाव नव्हे. ताबोक म्हणजे नुसते पल्याड, आपण जिथे उभे नाही ती बाजू. मग उत्तरे मागितली. एक मुलगा म्हणाला की तांडेलाची बायको ताबोकला राहते म्हणून. मागच्या बाकावरून लगेच दुरुस्ती आली, की बाई, एक इकडे पण आहे. तेव्हा ते कारण टिकले नाही.

खरे कारण सांगायला मला साठ वर्षे मागे जावे लागले, आणि सेगुन्दिनो, हा शोध घेताना मला जितका आनंद झाला तितकाच संताप आला. १९०७ साली मनिलात लोकांनी निवडलेले पहिले सभागृह भरले. आपले बेट तेव्हा ताबोकच्या प्रांताच्या दुसऱ्या मतदारसंघाला जोडले गेले. त्या काळी मत होते ते स्पॅनिश वा इंग्रजी येणाऱ्या, मालमत्तेचा कर भरणाऱ्या किंवा पूर्वी हुद्द्यावर असलेल्या पुरुषांना. आजोबा त्यात बसत, आजी बसत नसे. आजी म्हणायची की बरं झालं, जो माणूस मला बघायला कधी आला नाही त्याला निवडायचं पाप तुमच्याच डोक्यावर. १९१६ साली एका सभागृहाची दोन झाली. १९३५ साली पुन्हा एक झाले आणि युद्धाच्या तोंडावर पुन्हा दोन झाली. मधल्या काळात बायकांनाही मत मिळाले. अमेरिका होती, जपान आला, जपान गेला, प्रजासत्ताक झाले. मनिलात सगळे बदलले. आपण मात्र त्याच दुसऱ्या मतदारसंघात.

त्या मतदारसंघात नऊ मतदारांमागे आपला एक. आपला माणूस उभा राहिला तर त्याला ताबोकची मते लागतात. ताबोकच्या माणसाला आपले एकही लागत नाही. १९३८ साली औषधवाले बासिलियो उभे राहिले, तेव्हा सबंध बेटाने त्यांना एकजात मत दिले. ते पडले, आणि थोडक्यात पडले असेही नाही. तेव्हापासून कोणी प्रयत्नच केला नाही. लाँचच्या परवान्यात मुक्कामाचा धक्का लिहिलेला असतो, आणि परवाना देताना प्रतिनिधीचा शब्द चालतो. निवडणुकीनंतर मतपेट्यासुद्धा चारच्या लाँचने मोजणीला जातात. म्हणजे त्या रात्री आपली मतेही ताबोकलाच झोपतात. आणि आजवरच्या एकाही प्रतिनिधीने आपल्या बेटावर एक रात्र काढलेली नाही.

पियांगला कळा सुरू झाल्या त्या लाँच गेल्यावर. डॉक्टर ताबोकला. होडीवाल्या नोंग पोन्सोने उलांडीची होडी तीनदा पाण्यात घातली आणि तीनदा लाटांनी ती परत वाळूवर आणून टाकली. सकाळची लाँच ठरल्या वेळी आली. तिचा तो वक्तशीरपणा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आम्हांला सभागृहात स्वतंत्र जागा हवी आहे. कायद्यात ती कशी बसते ते कळव. जेवणाची आबाळ करू नकोस, आणि आमच्यावरची माया पत्रांतून दिसत राहू दे.

तुझी,
मानांग कान्दिदा

०

मनिला
२० मार्च १९६७

ती. मानांग यांस,
सेगुन्दिनोचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा भाऊ म्हणून, तेव्हा पियांगच्या परिच्छेदापुढे जाता आले नाही. दुसऱ्यांदा वकील म्हणून. झग्याबद्दलचा टोमणा पोहोचला. दुकानातल्या मुलीने वय विचारले, आणि मी तिच्याकडे बघताना आकडा चुकलो.

तू विचारलेस ते कायद्यात अगदी सोपे आहे, म्हणूनच अवघड आहे. राज्यघटना म्हणते की प्रत्येक प्रांताला, तो कितीही लहान असो, किमान एक प्रतिनिधी. आपण प्रांत नाही, उपप्रांत आहोत. हे दोन अक्षरांचे 'उप' काढले की जागा आपोआप मिळते. लोकसंख्या वाढवायला नको, पैसा लागत नाही. फक्त एक कायदा हवा.

मग कोणी तो केला का नाही? मांडू कोणीही शकतो. पण सभागृहात रिवाज असा, की त्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीची मान हलल्याशिवाय बाकीचे हात वर करत नाहीत. आणि आपले प्रतिनिधी डॉन हासिन्तो मान कशी हलवतील? तू लिहितेस की त्यांना आपली मते लागत नाहीत. खरे आहे. पण आपली डोकी लागतात. रस्ते, शाळा, धक्के यांचा निधी डोक्यांवर ठरतो. त्या मोजणीत आपण असतो. निधी आल्यावर तो ताबोकला खर्च होतो. मोजताना आपण माणसे, वाटताना आपण समुद्र.

माझा सल्ला असा, की इतक्यात संतापून काही करू नकोस. डॉन हासिन्तो जत्रेला येतील तेव्हा गोडीने विषय काढ. गोडी तुझ्या स्वभावात नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हा थोडी माडी त्यांना पाज, म्हणजे दोघांचे भागेल.

मिलायला माझा पापा. तुझ्या रागाला आणि तुझ्या लोभाला, दोहोंना पात्र राहू दे.

तुझा,
सेगुन्दिनो

०

लिबास, बुगनाय
३० जुलै १९६७

चि. सेगुन्दिनो यास,
अ. उ. आ.

गोडीची गरज पडली नाही. जे झाले ते क्रमाने सांगते, कारण तुझ्यापर्यंत याच्या अकरा आवृत्त्या पोहोचतील आणि प्रत्येकीत नोंग पोन्सो जास्त प्यालेला असेल.

जत्रेच्या दिवशी डॉन हासिन्तो आले. भाजलेले डुक्कर मांडले होते, माडाच्या पातीत विणून शिजवलेल्या भाताचे झुबके टांगले होते, मुलींचा नाच झाला. मग धक्क्यावर, बदामाच्या झाडाखाली, समुद्राकडे पाठ करून ते बोलायला उभे राहिले. दोन्ही हात पसरून म्हणाले की ताबोकच्या माझ्या प्रिय बंधूंनो, मी तुम्हांला विसरलेलो नाही.

आधी कोणाला काही कळलेच नाही. ते भाषण ते पलीकडे आपल्याविषयी करतात, की ताबोकच्या गरीब बंधूंना आपण विसरता कामा नये, असे. सवयीने तेच वाक्य इथे आले. साठ वर्षे ज्याला आम्ही आमचा प्रतिनिधी म्हटले, तो आमच्या धक्क्यावर, आमचे डुक्कर खाऊन, आम्हांला पल्याडचे म्हणत होता. त्यात लबाडी नव्हती, सेगुन्दिनो. लबाडी असती तर मला इतका राग आला नसता. ते अगदी मनापासून बोलले.

तेवढ्यात नोंग पोन्सो उठला. टोपी काढून, फार अदबीने म्हणाला की साहेब, माफ करा, ताबोक तुमच्या पाठीमागं आहे, जरा वळून बघा. आणि डॉन हासिन्तोंनी खरोखरच वळून पाहिले.

असे हसणे आपल्या बेटाने कधी ऐकले नसेल. बायका तोंडावर हात धरून हसत नव्हत्या, उघड हसत होत्या. पण हसू ओसरले तेव्हा जे उरले ते हसू नव्हते. मासेवाली मानांग इस्कांग मोठ्याने म्हणाली की मेलं साठ वर्षं आपण शेजारणीच्या दादल्याला नवरा समजून जेवायला वाढतोय. डॉन हासिन्तो चारची लाँच गाठायची म्हणून तीनलाच निघाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतंत्र प्रांताचा अर्ज त्याच झाडाखाली सह्यांसाठी ठेवला. माझे सगळे मुद्दे, १९०७ पासूनचे, मी सुवाच्य अक्षरात लिहिले होते. ते कोणी वाचले नाहीत. सगळे विचारत की हा तो ताबोकचाच कागद ना, आणि सही करत. पोस्टमास्तर म्हणाले की मी सरकारी नोकर, मला सही करता येत नाही. संध्याकाळी ते बायकोला घेऊन आले आणि तिचा हात धरून तिची सही स्वतः केली.

अर्ज सोबत पाठवते आहे. सभागृहात मांडणारा शोध. संयमाचा सल्ला पुन्हा पाठवू नकोस, टपालखर्च वाया जातो. तब्येतीला जप, आणि आमचा लोभ आहे तो तुझ्या कामात दिसू दे.

मानांग कान्दिदा

०

मनिला
२२ मे १९६९

ती. मानांग यांस,
शि. सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. 'उप' गेले. बुगनाय हा प्रांत झाला, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्याचा स्वतःचा एक प्रतिनिधी असेल. मी वरच्या सज्ज्यात बसलो होतो. मतदान झाले तेव्हा खाली निम्मे सभासद कॉफीला गेले होते आणि उरलेले वर्तमानपत्र वाचत होते. इतकी मोठी गोष्ट इतक्या कंटाळलेल्या माणसांकडून घडते हे पाहून मला हसू आले.

दोन वर्षे विधेयक समितीत पडून होते. ते हलले ते तुझ्या मुद्द्यांमुळे, असे लिहायला मला आवडले असते. हलले ते नोंग पोन्सोमुळे. ती हकिकत मी इथे दोन-तीन बेटांकडच्या सभासदांना सांगितली होती. पुढे डॉन हासिन्तो सभागृहाच्या दिवाणखान्यात आले की कोणीतरी गंभीर चेहऱ्याने विचारायचे, की आज ताबोक कुठल्या बाजूला आहे हो? शेवटी विधेयकाच्या दिवशी त्यांना दातदुखी झाली आणि ते आलेच नाहीत. त्यांची मान हलली नाही, पण मान तिथे नव्हतीच.

आता दुसरी गोष्ट. पोस्टमास्तर, पाद्री, मानांग इस्कांग, सगळ्यांची पत्रे आली की मी उभे राहावे. तुझे आले नाही. तू काही बोलत नाहीस तेव्हा मला जास्त भीती वाटते. तू नको म्हणालीस तर मी उभा राहणार नाही.

उत्तराची वाट पाहतो. तुझ्या आशीर्वादाची सावली असू दे.

सेगुन्दिनो

०

लिबास, बुगनाय प्रांत
१९ नोव्हेंबर १९६९

चि. सेगुन्दिनो यास,
अ. उ. आ.

वरच्या पत्त्यात 'प्रांत' लिहिताना हात थोडा थांबला. पोस्टमास्तरांनी तो शब्द पाहून पाकिटावर शिक्का दोनदा मारला.

तू परवा लाँचने गेलास, तेव्हा मला जे बोलता आले नाही ते लिहिते. मे महिन्यात मी तुला महिनाभर उत्तर का दिले नाही? तू सतरा वर्षे मनिलात आहेस. मला वाटले की माणूस जिथे झोपतो तिथला होतो. पण प्रचारात तू प्रत्येक गावी एकेक रात्र राहिलास, बांबूच्या पलंगावर, डासांत, लोकांच्या कोंबड्या उशाशी घेऊन. मानांग इस्कांग म्हणाली की पोरगा घोरतो, म्हणजे आपलाच. मग मीही मत दिले.

मतपेट्या माझ्याच वर्गात ठेवल्या होत्या, आणि मोजणी तिथेच झाली. आपली मते प्रथमच आपल्या बेटावर झोपली. मी दुसऱ्या दिवशी मुलांना फळ्यावर १९०७ पासून सगळे काढून दाखवले, आणि शेवटी तुझे नाव लिहिले. एका मुलीने विचारले की आता लाँच इथे झोपणार का? मी सांगितले की होय.

कारण तू बदामाच्या झाडाखाली तसे बोललास. सबंध बेटासमोर म्हणालास, की लाँच या धक्क्यावर झोपली नाही तर मलाही झोप लागायची नाही. आणि असेही ठरवलेस, की तुझे प्रत्येक पत्र मी याच झाडाखाली सर्वांना वाचून दाखवायचे, म्हणजे प्रतिनिधी आणि बेट यांच्यात पडदा नको. कल्पना उत्तम आहे. फक्त लिहिताना हे लक्षात असू दे की ऐकणारी माणसे शब्द विसरत नाहीत. डॉन हासिन्तोंना विचार.

मिलाय पावणेचार वर्षांची आहे आणि लाँचला हात करते. सांभाळून राहा. आमचा लोभ तू मागण्याआधीच मिळवला आहेस, आता तो राखायचा.

तुझी,
मानांग

०

प्रतिनिधिगृह, मनिला
१२ ऑगस्ट १९७१

ती. मानांग यांस,
सा. न. वि. वि.

आपले जुलैचे पत्र मिळाले. कार्यबाहुल्यामुळे हे उत्तर टंकलिखित करवून पाठवत आहे, याबद्दल क्षमा असावी.

मिलायच्या तापाविषयी वाचून काळजी वाटली. ती आता बरी आहे हे समाधानाचे. तथापि, वादळी समुद्रात तिला रात्री होडीने नेण्याचे धाडस व्हायला नको होते. पुढे असे करू नये.

लाँचच्या मुक्कामाचा प्रश्न विचाराधीन आहे. कंपनीचे म्हणणे असे, की इंधनाची टाकी, पहारेकरी आणि विमा या तिन्ही गोष्टी सध्याच्या मुक्कामाशी निगडित आहेत, आणि मुक्काम हलवल्यास खर्च वाढेल. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. यासाठी एक समिती नेमण्याची सूचना मी केली आहे. शेजारच्या प्रांताच्या प्रतिनिधींचेही सहकार्य लागेल. डॉन हासिन्तो अलीकडे बरेच समंजस झाले आहेत. लोकांनी संयम राखावा.

दरम्यान, शाळेच्या छपरासाठी निधी मंजूर झाला आहे, ही आनंदाची वार्ता सर्वांना सांगावी. पावसाळा ओसरला की मी ताबोकला एक फेरी मारीन आणि सर्वांना प्रत्यक्ष भेटेन.

आपला लोभ पूर्ववत राहावा ही विनंती.

सेगुन्दिनो लुमांताव
प्रतिनिधी, बुगनाय प्रांत

०

लिबास, बुगनाय
२ सप्टेंबर १९७१

सेगुन्दिनो,
आशीर्वाद लिहिण्याइतका राग अजून उतरलेला नाही. तो शेवटी बघू.

तुझे पत्र मी ठरल्याप्रमाणे झाडाखाली वाचले. आधी स्वतः वाचून पाहिले नाही. विश्वास म्हणजे तोच, असे मला वाटत असे. 'पुढे असे करू नये' इथे नोंग पोन्सोने मान खाली घातली. त्या रात्री मिलायला झटके येत होते, आणि वल्ही त्याच्या हातात होती. होडीचा तोल धरणारी एक उलांडी मोडल्यावर त्याने वजनासाठी आपल्या पुतण्याला त्या बाजूच्या दांड्यावर आडवे घातले आणि तसाच पोरीला पलीकडे पोहोचवले. तू त्याला धाडस करू नये म्हणालास.  इंधनाची टाकी आली, विमा आला, समिती आली, तरी लोक ऐकत राहिले. छपराच्या आनंदवार्तेला तर कोणीतरी टाळीही वाजवली.

मग मी वाचले की पावसाळा ओसरला की मी ताबोकला एक फेरी मारीन.

मी थांबले. मला वाटले की मीच चुकले. नोंग पोन्सोने शांतपणे विचारले की मानांग, तेवढं वाक्य पुन्हा वाचता का. मी पुन्हा वाचले. कोणी हसले नाही. चार वर्षांपूर्वी सगळे हसले होते, कारण तो परका होता. या वेळी मानांग इस्कांगने फक्त एवढे म्हटले, की घोरण्यावरनं माणूस ओळखू नये. आणि टोपली उचलून ती गेली.

तू म्हणशील की टंकलेखकाची चूक. तुझा टंकलेखक आपली भाषा जाणत नाही. तो शब्द तूच सांगितलास. तू म्हणशील की मनिलाहून पाहिले तर आपण पल्याडच आहोत. बरोबर आहे. भूगोल मी तुला शिकवला आहे, तू मला शिकवू नकोस. पण आम्ही तुला मनिलाहून पाहायला पाठवले नव्हते. मनिलात बसून इथून पाहायला पाठवले होते. प्रतिनिधी या शब्दाला याखेरीज दुसरा अर्थ असेल, तर तो मला साठ वर्षांच्या इतिहासात सापडलेला नाही. जागा नव्हती तेव्हा आमचा राग कुठे ठेवायचा ते आम्हांला ठाऊक होते. आता जागा आहे, त्यावर आपला माणूस आहे, आणि लाँच आहे तिथेच आहे. या रागाला दारही तूच आणि भिंतही तूच.

परवा जे झाले ते तुला कंपनीकडून कळले असेल, पण खोटे. आम्ही लाँच पळवली नाही. चारच्या सुमारास आम्ही बायका धक्क्यावर गेलो आणि लाँचचे दोर ज्या खुंट्यांना बांधतात त्या खुंट्यांवर बसलो. इतकेच. सर्वांत जाड खुंट्यावर मानांग इस्कांग बसली, आणि तिला उठवणे कोणत्याही कायद्यात बसत नाही. तांडेल हात जोडून म्हणाला की मावशी, उठा हो, माझी नोकरी जाईल. ती म्हणाली की आधी माझे मासे संपू देत, मग उठते. तिच्या टोपलीत मासे नव्हतेच. मिलाय तिच्या मांडीवर बसली होती, तुझा तो झगा घालून. तो आता तिला अगदी बरोबर होतो.

अंधार पडू लागला तसे तांडेलाने इंजिन बंद केले. थोड्या वेळाने त्याची इकडची बायको जेवणाचा डबा घेऊन आली आणि सर्वांदेखत म्हणाली, की बारा वर्षांत पहिल्यांदा रात्रीचं जेवण गरम खाणार आहेस, तोंड कशाला पाडतोस. खलाशी शाळेत झोपले. त्यांना आम्ही पांघरुणे दिली आणि कसाव्याची भाकरी दिली.

अशा रीतीने लाँच आपल्या धक्क्यावर झोपली. त्या रात्री बेटावर कोणालाही ताप आला नाही, कोणाला कळा आल्या नाहीत, कोणी झाडावरून पडले नाही. लाँच कोणाच्याही उपयोगी पडली नाही. मी उंबऱ्यात बसून तिचा दिवा पाहत होते, आणि मला कळले की अशी बिनकामाची रात्र ताबोकच्या लोकांना रोज मिळते. पियांगला ती एकदा मिळाली असती तर पुरले असते.

सकाळी लाँच प्रथमच आधी इथून सुटली. आता आम्हां बायकांवर फिर्याद आहे. सुनावणी ताबोकच्या न्यायालयात, २० तारखेला, सोमवारी, सकाळी. सकाळच्या सुनावणीला हजर राहायचे तर आम्हांला आदल्या दिवशी चारच्या लाँचने जाऊन ताबोकलाच झोपावे लागेल. बघ, कोड्याचे उत्तर न्यायालयानेही दिले.

आम्हांला वकील हवा आहे. पत्र नको आणि समितीही नको. लोक मला पुढच्या निवडणुकीला उभी राहा म्हणतात; मी अजून हो म्हटलेले नाही. म्हणावे लागेल की नाही, ते तुझ्यावर आहे. १८ तारखेला सकाळी ताबोकच्या धक्क्यावर ये, लाँचने इथे ये, त्या रात्री इथे राहा, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर आरोपींच्या बाकाशेजारी उभा राहायला चल.

तिकडे तिकीटखिडकीवर एक बाई बसते. मान वर न करता ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, की कुठे? तू विचार करू नकोस, खोकू नकोस, खिशात हात घालता घालता जे तोंडात येईल ते बोल. तोंडातून 'घरी' निघाले, तर तिकीट घे आणि ये. माझा आशीर्वाद या धक्क्यावर तुझी वाट पाहत असेल. दुसरा शब्द निघाला, तर खिडकीपासूनच मागे फीर.

ही परीक्षा मी आता वर्गातही शिकवते, कारण तिला ना शाळा लागते ना कायदा. ज्याला आपण निवडून दिले त्याला आपल्या दारात उभे करावे आणि बोलू द्यावे. भाषणाकडे लक्ष देऊ नये. तो 'तिकडे' कशाला म्हणतो, तेवढेच ऐकावे.

मानांग कान्दिदा